तीळ

पहाटे चारला निघाले. हेलेना दोनशे दहा मैल,
रस्त्यावरून हिवाळा अजून उठलेला नाही.
शेजारच्या सीटवर सवयीनं घेतलेली बॅग
आणि ट्वायलाच्या सहीचा कागद:
माझं नाव सांगा. पूर्ण सांगा.
नुसतं पेशंट म्हणू नका.

सात गावं, मी एकटी.
एक तीळ सात जणांनी खावा
तसं वाटून घेतलंय मला
या लांब लांब राहणाऱ्या माणसांनी.
कुणाचं बाळंतपण, कुणाच्या बापाचा शेवटचा श्वास,
गाय अडली तरी फोन मलाच.
गायीचं मला येत नाही. तरी जाते.

जुने डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले होते,
न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत,
आणि आपल्या काउंटीत तर गव्हाशिवाय आहे काय?
जा. एक आकडा ने, एक माणूस ने.
माहीत नसेल ते माहीत नाही म्हण.
आणि नंतर आभाराचं पत्र टाक, हातानं लिहिलेलं.

तांब्याच्या घुमटाखाली तिसरा मजला.
टेबलावर तीन मिनिटांचा दिवा, हिरवा.

ट्वायला रे हॅलोरन, वय एकोणीस.
आमच्या दवाखान्याच्या प्रसूतिगृहात आता
घडीच्या खुर्च्या ठेवतात.
पुढचं हॉस्पिटल एकशे चार मैल.
बाळ झालं धान्याच्या कोठाराबाहेर, पिकअपमध्ये,
हीटर चालू ठेवून.
मी पोचले तेव्हा नाळ बांधलेली होती
नवऱ्याच्या बुटाच्या नाडीनं,
आणि तो एका पायात बूट घालून
बर्फात उभा.
वीस वर्षं नाड्या पाहतेय मी, सभापती महोदय,
ही पहिलीच बुटाची.

कुणीतरी हसलं. दिवा पिवळा.
या टेबलामागच्या एकाची आई माझ्याकडे येते.
गोळ्या मोडून अर्ध्या अर्ध्या खाते, महिना पुरवते.
लेकाला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे, आणि माझ्याकडे
तिच्या सहीचा कागद नाही.
ते वाक्य गिळलं.
दिवा लाल.
धन्यवाद डॉक्टर. पुढचे?

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी
समितीतले एक गृहस्थ मागोमाग आले.
नाव सांगत नाही, त्यांनीही सही केलेली नाही.
आत तीन मिनिटं ते फोनमध्ये बघत होते.
कॉलर खाली ओढली, जरा हे बघता का?
बायको मागे लागलीय.

मानेवर तीळ. कडा वेडीवाकडी, रंग दोन.
किती दिवसांचा?
मागच्या कापणीपासूनचा.
दाखवायला हवा.
कुणाला?
त्वचेच्या डॉक्टरला. बिलिंग्जला. तारीख जूनची मिळेल.
फेब्रुवारी चाललाय, ते म्हणाले.
हो.
जून?
हो.

गुंडी लावायला त्यांना बराच वेळ लागला.
मी विधेयकाचं नाव काढलं नाही,
ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू.
जाता जाता वळून म्हणाले,
त्या पोरीचं बाळ कसं आहे?
दात येतायत, म्हटलं. सगळ्यांना चावतं.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना
बिलिंग्जच्या मैत्रिणीला फोन लावला,
गयावया केली. मार्चमध्ये बसवते म्हणाली.
हे मतासाठी नव्हतं.
बहुतेक नव्हतं.

मतदान गुरुवारी. काय होईल माहीत नाही,
आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं असतं.
आभाराचं पत्र तेवढं राहिलंय.
माझं अक्षर औषधवाल्यालाच लागतं.
ट्वायलाकडून लिहून घेईन.
तिचं अक्षर गोल आहे,
आणि सांगण्यासारखं तिच्याकडे माझ्याहून जास्त आहे.